घरच्यावर उचललेला हात

आष्टी
७ जुलै २०२४

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाप शेवटी हो म्हणाला. तीन तास लागले. वर्ध्याच्या कॉलेजला हो, होस्टेलला हो, आणि कराटेच्या क्लासचं नाव काढलं की म्हणे, "बाई, पोरीची जात, हातपाय मोडून घेईल, मग करंन कोण तिले?" मी म्हटलं, प्रभाकर, तू माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेस, तुझा शेंबूड मी पुसला आहे, मला शहाणपण शिकवू नकोस. फी मी भरते. तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी पाहिलं.

क्लासचा हट्ट का, तेही ऐक. नोकरीची पहिली सहा वर्षं मी एसटीने जाऊन-येऊन करत होते. एक माणूस रोज मागच्या सीटवर बसायचा आणि सीटच्या फटीतून हात घालायचा. मी मुठीत टाचणी धरून बसायची. सहा वर्षांत ती एकदाही टोचली नाही, नुसती धरून बसले. ओरडले तर लोक म्हणतील, मास्तरीणबाईच तशी असेल. त्या माणसाचा मला राग येतो, पण माझा स्वतःचा जास्त येतो. तुझ्या वाट्याला ते नको.

क्लास सातला सुटतो, आणि त्या वेळी आर्वी नाक्यावरच्या टपऱ्यांपाशी कसली पोरं उभी असतात ते मला ठाऊक आहे. म्हणून रजतला सांगून ठेवलं आहे. ऑफिस सुटलं की तो मोटारसायकलवर येईल आणि तुला होस्टेलला सोडेल. प्रभाकरला तसा शब्द दिला आहे. रजत जरा फटकळ आहे, मामाची पोर म्हणून चेष्टा करेल, मनावर घेऊ नकोस. आतेभावाचा तेवढा हक्क असतोच आपल्याकडे. तुझ्या बारशाला नाव मी ठेवलं आणि त्याच दमात म्हटलं होतं, ही माझी सून. नऊ वर्षांचा रजत लाजून गोठ्यात पळाला होता.

कान गेल्यापासून मला फोनवर नुसती खरखर ऐकू येते. तेव्हा महिन्याला एक पत्र पाहिजे. आणि पत्रात 'मले-तुले' चालणार नाही.

तुझी आत्या
इंदिरा

*

वर्धा
४ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सा. न.

मी तं मलेच लिहीन. 'मला' लिहिलं की मले वाटते परीक्षेचा पेपर लिहून राह्यली.

क्लास सुरू झाला. मले वाटलं पहिल्याच दिवशी फरशा फोडाले लावतील. कायच्या फरशा! यामिनी मॅडम म्हणे, आधी ओरडा. बावीस पोरी होत्या आन् एकीचाही आवाज निंघेना. एकमेकीकडे पाहून खीः खीः करून राह्यल्या. मॅडम हसली नाई. म्हणे, "घरी भावासंग झगडा करता तेव्हा कसा निंघते?" पंधरा दिवस नुसतं ओरडणं. माझा आवाज निंघाला त्या दिवशी मलेच दचकाले झालं, एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात होता आन् आपल्याले माहीत नाई.

मंग पडाले शिकवलं. हौ, पडाले! गादीवर कसं पडाचं म्हणजे लागत नाई आन् लगेच उठता येते. दोन्ही कोपरं हिरवीनिळी झाली, आईले सांगू नको. पण एक सांगू? रस्त्यानं चालतानी आता मान आपोआप वर राह्यते. पहिले मी पायाकडे पाहूनच चालत होती, हे मले आता समजलं. रूममेट म्हणे, काऊन गं, पोलीस भरतीले चालली का? मी म्हटलं, हौ, तेच करते आता. खरंच, आत्या, डिग्री झाली की मले भरतीचा फॉर्म भराचा आहे. बाबाले सध्या बोलू नको.

रजतदादा रोज घ्याले येते. दादा म्हटलं की चिडते, म्हणे दादा नको म्हणू. मी म्हटलं, मंग काका म्हणू का? आन् तो गाडीले ब्रेक लय मारते, रिकाम्या रस्त्यावरही. त्याले सांगजो जरा.

तुही
मंजुषा

*

आष्टी
२५ ऑगस्ट २०२४

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच हसत बसले होते. शेजारची रुख्माबाई डोकावून गेली, बाई येडी झाली की काय म्हणून. तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, मास्तरीणबाई, माह्या नातीलेही टाका त्या ओरड्याच्या क्लासात.

पोलीस भरती! ये हुई ना बात. तुझ्या बापाला मी पाहून घेते, तू पळायचा सराव सोडू नकोस.

रजतला ब्रेकचं सांगितलं. म्हणाला, वर्ध्याच्या रस्त्यावर कुत्री फार आडवी येतात. आणि दादा कसं म्हणू देईल तो? मामाच्या पोरीने दादा म्हटलं की आतेभावाची मान खालीच जाते. तूही काही कमी नाहीस, काका म्हणे! दोघं भांडता आणि मला इथे बसल्या बसल्या घर भरल्यासारखं वाटतं. हे गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. घरात आम्ही दोघंच, तिसरं माणूस नाही. त्याला बहीण असती तर बरं झालं असतं असं पुष्कळदा मनात येतं.

तू नाक्यावरच्या पोरांपासून सांभाळून राहा. कोणी काही बोललं तर तिथल्या तिथे आवाज काढायचा.

तुझी आत्या

*

वर्धा
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सा. न.

उशीर झाला लिहाले. भाऊबीजेले बाबासंग आली नाई म्हणून तू रागावली, बाबानं सांगितलं. परीक्षा होती.

एक काम कर. रजतदादाले म्हणावं, येत नको जाऊ आता. क्लासमधल्या दोघी होस्टेलकडेच राह्यते, आम्ही तिघी ऑटोनं येतो. त्यानं पेट्रोल काऊन जाळाचं? मी त्याले बोलली, पण तो ऐकत नाई. म्हणे आईचा हुकूम आहे. तूच सांगजो.

मले पिवळा पट्टा भेटला.

मंजुषा

*

आष्टी
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

पिवळ्या पट्ट्याबद्दल एवढंच? ओळभर? परीक्षा कशी दिली, मॅडम काय म्हणाल्या, काही नाही. मला राग आला आहे, मी लपवत नाही. भाऊबीजेला तुझ्या वाटची पुरणपोळी रजतने खाल्ली.

ऑटोचं जमणार नाही. ऑटोवाला कोण, कुठला, कोणाला माहीत? प्रभाकरला मी शब्द दिला आहे आणि तो मी मोडणार नाही. रजत येत जाईल. त्याच्या पेट्रोलची काळजी तू करू नकोस.

डिंकाचे लाडू केले आहेत. रजत आजच घेऊन गेला आहे, दोन डबे, एक तुझा. त्याला ऑफिसातून थेट क्लासवर यावं लागतं, डबा कुठे मिरवत बसेल? तेव्हा एक दिवस रामनगरला त्याच्या खोलीवर जा आणि घेऊन ये. थंडीत रोज सकाळी एक खायचा. हातपाय आपटतेस, अंगात काही पाहिजे की नाही?

तुझी आत्या

*

आष्टी
२० डिसेंबर २०२४

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

काय गं, जिवंत आहेस ना? महिना होत आला, तुझं अक्षर दिसलं नाही. लाडू मिळाले का तेही कळवलं नाहीस.

इकडे मी काळजीत आहे. रजत गाडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे, खालचा ओठ फाटला, दोन टाके पडले. कुत्रं आडवं आलं म्हणतो. आठ दिवस इथे होता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, जेवायचा नाही, काही विचारलं तर अंगावर यायचा. डाव्या हाताने जेवायला जमेना, मीच भरवायची. आता पुन्हा वर्ध्याला गेला आहे.

तू त्याच गावात आहेस. एकदा तरी बघायला गेली होतीस का? त्याला विचारलं तर तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. सख्ख्या आतेभावाचा हात मोडतो आणि पोर ढुंकून पाहत नाही, ही कुठली रीत? कराटेत हेही शिकवतात का?

आत्या

*

वर्धा
५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आन् फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

आत्या, मी एका पोराले मारलं.

डिसेंबरची गोष्ट आहे. ओळखीचा होता, म्हून मी त्याच्या खोलीत गेली. कामानं गेलती. त्यानं दार लावलं आन् दाराले पाठ लावून उभा राह्यला. पहिले मले मजाक वाटली. मी म्हटलं, दार उघड. तो हसला, म्हणे, नाई उघडत, काय करशील, कराटे? मंग त्यानं मले धरलं. मी नाई नाई म्हणून राह्यली आन् तो ऐकत नव्हता. त्याच्या पुढचं लिहीत नाई. मॅडमनं जे शंभरदा करून घेतलं होतं ते हातापायानंच केलं, मले विचार कराले टाइमच नव्हता. तो खाली होता आन् मी जिन्यात.

होस्टेलवर येऊन मले उलटी झाली.  लोकं म्हणते ना, पोरीनं धडा शिकवला, लय छाती फुगत असंन तिची. मले तसं बिलकुल वाटलं नाई. मले एवढंच वाटलं का, क्लास नसता तं मी त्या खोलीतून कशी निंघाली असती.

तीन आठवडे मी क्लासले गेली नाई. मॅडम होस्टेलवर आली, तिले सांगितलं. ती म्हणे, चाल ठाण्यात, मी संग येते. मी म्हटलं, आत्याले विचारते. ओळखीचा असला तं काय कराचं, आत्या? तू सांगशील ते मी करीन.

रजतदादाले पाहाले मी गेली नाई. जाणारही नाई.

मंजुषा

*

आष्टी
१८ जानेवारी २०२५

माझ्या वाघिणीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र सोमवारी दुपारी आलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि मग रडले. जे मला सहा वर्षांत जमलं नाही ते तू दोन मिनिटांत केलंस. उलटी झाली तर होऊ दे. माणूस मारायला आपण राक्षस थोड्याच आहोत.

ओळखीचा असला तर काय करायचं म्हणून विचारतेस? ओळखीचा असला तर दुप्पट मारायचं! अनोळख्याला निदान भीती असते. ओळखीचा माणूस आपल्या भरवशावर दरोडा घालतो. सरपंचाचा असो, साहेबाचा असो, नाव सांग. मी स्वतः वर्ध्याला येते, तुझ्या मॅडमबरोबर ठाण्यात बसते. म्हातारी आहे, बहिरी आहे, पण एकतीस वर्षं वर्गात ओरडले आहे, अजून आवाज आहे. आणि त्या पोट्ट्याच्या मायले भेटल्याशिवाय मी राहणार नाई. तिच्या तोंडावर विचारीन, काय शिकवलं बाई तू याले? नऊ महिने वागवून हेच वाढवलं का? पोरगी म्हणजे तुले काय बाजारातली भाजी वाटली?

बघ, राग आला की मीही 'मले-तुले' करते.

परवा रुख्माबाईकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस बायका होत्या, विधवा असले तरी मलाही बोलावतात. तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. कोणी टाचणीचं, कोणी अंबाड्यातल्या आकड्याचं, सगळ्या जणी हळूहळू आपापलं सांगायला लागल्या, वाण घ्यायचंही विसरल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, नाव लपवायचं नाही. तू लपवलंस, त्याचं मला वाईट वाटलं. आत्यावर एवढा भरवसा नाही? रजतचा हात धड असता तर त्यानेच त्याला कॉलर धरून आणला असता.

नाव कळव. उलट टपाली.

तुझी आत्या

*

वर्धा
२७ जानेवारी २०२५

आत्या,

तू नाव मागितलं.

तो गाडीवरून पडला नाई. कोणतं कुत्रंही आडवं आलं नाई. मनगट मी मोडलं, ओठही मीच फोडला. तू दिलेला लाडवांचा डबा टेबलावर होता. तोच घ्याले गेलती मी.

एका दिवसाचं नाई हे. ऑगस्टपासून चालू होतं. गाडीचा ब्रेक तो काऊन मारत होता, हे कोणत्याही पोरीले विचार. दादा म्हणू नको काऊन म्हणत होता, मी तुले लिहिलं होतं. तुले मजाक वाटली. नोव्हेंबरात म्हटलं, त्याले येऊ देऊ नको, तं तू रागावली. याच्याहून जास्त मी काय लिहाचं होतं? त्याची माय तूच आहे ना.

दाराले पाठ लावून तो काय म्हणे, सांगू? म्हणे, "आई तुह्या बारशापासून म्हणते, तू माहीच आहे. आपल्या घरच्या मालाले हात लावाले कोणाले विचारते का कोणी?" हे शब्द तुहे नाई, मले माहीत आहे. पण सुरुवात तुही आहे, आत्या.

तू लिहिलं, मी येते, ठाण्यात बसते. मी थांबली आहे. मॅडमलेही सांगितलं, आत्या आल्यावर जाऊ.

मंजुषा

*

वडनेर
२३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तू आली. वर्ध्याले नाई, इथं आमच्या घरी, वडनेरले आली.

बाबा होस्टेलवर आले तेव्हा मले काही माहीत नव्हतं. वॉर्डनच्या समोर म्हणे, बिछाना गुंडाळ.  घरी येऊन पाहते तं ओसरीत तू बसली होती, नारळ आन् साडी घेऊन. मले आतल्या खोलीत बसवलं. पण तुले कमी ऐकू येते, म्हून बाबा तुह्याशी मोठ्यानं बोलते आन् तूही मोठ्यानं बोलतेस. मले सगळं ऐकू आलं.

तू म्हटलं, रजत गाडीवरूनच पडला. म्हटलं, पोरापोरींचं काही भांडण झालं आन् हिनं डोक्यात राख घालून घेतली, कराट्यानं पोर हट्टी झाली, चूक माझीच, मीच क्लासात घातली. मंग म्हटलं, बोभाटा झाला तं हिले कोण करीन, मी पदरात घेते, माझी सून करून घेते. बाबा तुह्या पाया पडले. रडले. मी बाबाले रडतानी कधी पाह्यलं नव्हतं.

मी बाबाले सगळं सांगितलं, दोनदा. ते म्हणते, बाई खोटं बोलणार नाई. आष्टीत तिच्या हातून दोन पिढ्या शिकल्या, ती खोटं बोलन का? मोबाइल घेतला, कॉलेज बंद, सराव बंद. शेजारच्या पोरीच्या हातून हे पत्र टाकून राह्यली.

मले तुह्याकडून ठाणं नको, साक्ष नको. फक्त बाबाले एक ओळ लिहून पाठव का रजत पडला नव्हता. तुह्या एका ओळीनं बाबा मले वर्ध्याले परत पाठवतील. फॉर्म सुटेपर्यंत तरी मले सराव पाहिजे. एवढंच मागते.

मंजुषा

*

आष्टी
४ मार्च २०२५

चि. मंजुषास,
आशीर्वाद.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. वाचून फाडून टाक.

तू खरं बोलते आहेस, हे मला माहीत आहे. रजतचं नाव सांगणारं तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी वर्ध्याला गेले. रजतपुढे पत्र ठेवलं. आधी नाही म्हणाला, मग रडला. म्हणाला, आई, मला वाटलं ती नाटक करते आहे, आपलीच तर आहे. दार त्याने लावलं, तुला धरलं, सगळं कबूल केलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा हात उचलला. मग त्याच हाताने त्याला जेवू घातलं, कारण त्याच्या हाताला प्लास्टर होतं. तू मला काय म्हणशील ते सगळं मी स्वतःला म्हणून झालं आहे.

पण प्रभाकरला मी हे सांगणार नाही. आज त्याला सांगितलं तर उद्या भाऊबंदात जाईल, परवा ठाण्यात, रजतची नोकरी जाईल. विधवा बाईने एकटीने वाढवलेलं पोर आहे ते. त्याच्याशिवाय मला कोण आहे? चाळीस बायकांपुढे बोलणं सोपं होतं. तेव्हा तो दुसऱ्या कोणाचा तरी पोरगा होता.

एक सांगते, राग मानू नकोस. कराटे मी तुला शिकवलं ते बाहेरच्यांसाठी. घरच्यावर हात उचलण्यासाठी नाही. तू बाहेर पळत आली असतीस, मला येऊन सांगितलं असतंस, मी त्याला सरळ केला असता. हाड मोडायची काय गरज होती?

लग्नाला नाही म्हणू नकोस. तो तुला आता घाबरून राहील, हेही काही थोडं नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहशील. लग्नानंतर क्लास कर, भरतीला जा, मी आड येणार नाही, लिहून देते. बाईच्या जातीला याहून जास्त कोणी देत नाही. मला तर एवढंही कोणी दिलं नव्हतं.

तुझी आत्या
इंदिरा

*

वर्धा
२० मार्च २०२५

श्रीमती इंदिराबाई यांस,

पत्र फाडून टाक म्हणून लिहिलं होतं तुम्ही. ते पाकीट आधी माझ्या हाती आलंच नाई. घरी आणल्यापासून माझ्या नावाचं पोस्ट बाबाच फोडते, हे तुम्हाले माहीत नव्हतं.

बाबानं अंगणात उभ्यानं वाचलं. मंग खाटेवर बसून पुन्हा वाचलं, बोट ठेवून. मी दारात उभी होती. मले वाटलं, सुटली मी. आता बाबाले समजलं का पोरगी खोटं बोलत नव्हती. आता उठतील आन् म्हणतील, भर बॅग, वर्ध्याले सोडून देतो. बाबा उठले. पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आन् आईले म्हणे, "बाईनं एवढं मन मोकळं केलं, आता आपल्याले बोलाले जागा नाई. एप्रिलच्या आत उरकून टाकू."

माझ्याकडे पाह्यलं नाई त्यायनं. त्या दिवशी नाई, दुसऱ्या दिवशीही नाई. इतके दिवस मी समजत होती का खरं सांगणारं कोणी नाई, म्हून हे सगळं होऊन राह्यलं. आता खरं सगळ्यांले माहीत आहे. तुम्हाले, बाबाले, रजतले. काहीच बदललं नाई.

तिसऱ्या दिवशी आईनं सदरा धुवाले घेतला. खिशातलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं आन् पाणी आणाले निंघून गेली.  आईले मी आयुष्यभर भित्री समजत होती. सकाळच्या एसटीनं मी निंघाली.

यामिनी मॅडम संग होती. ठाण्यात चार घंटे बसवलं. एक जण म्हणे, तीन महिने कोठी होती? दुसरा म्हणे, आतेभाऊ आहे, घरचा मामला आहे, घरी बसून मिटवा. मॅडम खुर्चीवरून हलली नाई. शेवटी एक लेडी साहेब आल्या, त्यायनं तुमचं पत्र वाचलं. मंग कागद घेतला आन् म्हणे, बोल, पहिल्यापासून सांग. मी पहिल्यापासून सांगितलं. आवाज नीट निंघाला.

बाबाचा मॅडमच्या फोनवर फोन आलता. म्हणे, तिले सांगा, या घरात पुन्हा पाय ठेवू नको, आम्हाले एकच पोरगी होती, ती गेली. मी मॅडमच्या घरी राह्यते. सकाळी लहान पोरींचा क्लास घेते. बारा पोरी आहेत, रोज विचारते, ताई, फरशा कधी फोडाच्या? मी त्यायले ओरडाले शिकवते. कोणावर हात उचलाचा आन् कोणावर नाई, हे मी शिकवत नाई. घरचा आन् बाहेरचा असे दोन हात मॅडमनं मलेही शिकवले नव्हते.

लेडी साहेबांनी विचारलं, हे अक्षर त्यांचंच कशावरून? मी म्हटलं, त्यांनाच विचारा. आठ-दहा दिवसांत तुम्हाले बोलावणं येईल. कागद समोर ठेवतील आन् विचारतील, हे तुम्हीच लिहिलं का. हो म्हटलं तं तुमचा पोरगा अडकते. नाई म्हटलं तं मी खोटी पडते, आन् मंग वडनेरातच नाई, आष्टीतही माझं तोंड काळं होते. मॅडम म्हणे, त्यांना पत्र लिहू नको, सावध होतील. मी म्हटलं, होऊ द्या.

बोलावणं आलं का एकट्या येऊ नका. तुम्हाले ऐकू येत नाई, प्रश्न नीट समजला पाहिजे.

मंजुषा